विजेच्या मीटरने सांगितलेले 81 दिवस: टेक्सासातल्या एका तेल-लीजच्या दाव्याचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण पश्चिम टेक्सासातलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काउंटीचं नाव गाळलं आहे, आकडे आणि काही नाती बदलली आहेत. घटनांचा क्रम आणि कायद्याचा पेच मात्र जसाच्या तसा आहे. जमिनीच्या आणि खनिजांच्या मालकीचे जुने कागद तपासणं हे माझं काम. या कुटुंबाच्या वकीलबाईंसाठी काउंटी क्लार्कच्या कचेरीतली दप्तरं मी चाळली होती, म्हणून बराचसा भाग डोळ्यांदेखत घडलेला आहे.

पार्श्वभूमी

जमिनीखालचं तेल सरकारचं असतं, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं की टेक्सासची पद्धत समजायला थोडा वेळ लागतो. तिथे जमिनीचा वरचा भाग एकाचा आणि खालची खनिजं दुसऱ्याची असू शकतात. आजोबा शेत विकतात, पण खरेदीखतात एक ओळ घालून खनिजं स्वतःकडे ठेवतात. पुढे ती खनिजं वारसाहक्काने वाटली जातात आणि शेत भलत्याच माणसाचं असतं. शिवाय कायद्याच्या दृष्टीने खनिजांचा हक्क वरचढ असतो, म्हणजे तेल काढायला जितकी जागा वाजवीपणे लागेल तितकी वापरायची मुभा खनिजवाल्याला मिळते.

या कुटुंबात नेमकं असंच झालं होतं. आजोबांनी 320 एकर शेत विकलं, खनिजं ठेवली. ती तीन नातवंडांकडे समान वाट्याने आली: निवृत्त शिक्षिका असलेली थोरली बहीण, मधला भाऊ आणि धाकटी बहीण. वाटे अविभक्त होते, म्हणजे कोणते एकर कोणाचे असं काही नव्हतं. प्रत्येकाचा सगळ्या 320 एकरांखाली एक तृतीयांश हिस्सा.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस त्यांच्या वडिलांनी एका कंपनीला लीज, म्हणजे तेल काढायचा हक्क, दिली होती. मुदत तीन वर्षं, "आणि त्यानंतर जोवर तेल किंवा वायू निघत राहील तोवर". रॉयल्टी, म्हणजे उत्पादनातला मालकाचा वाटा, एक अष्टमांश. उत्पादन थांबलं तर 60 दिवसांच्या आत नव्याने खोदकाम किंवा विहिरीची दुरुस्ती सुरू केल्यास लीज टिकेल, असं एक कलम होतं. दोन कलमं मात्र नव्हती, आणि सगळं प्रकरण त्या उणिवेतून उभं राहिलं. पहिलं पघ कलम: लुइझियानातल्या क्राउली गावचे वकील लॉरेन्स पघ यांनी 1947 च्या सुमाराला रूढ केलेलं. एका विहिरीच्या जोरावर कंपनीने सगळी जमीन धरून ठेवू नये, यासाठी ते असतं. दुसरं खोलीचं कलम, ज्याने विहीर जिथवर पोचली त्याच्या खालचे थर मालकाकडे परत येतात. ही दोन्ही नसल्यामुळे एकच म्हातारी विहीर 320 एकर, पृष्ठभागापासून पाताळापर्यंत, अडवून बसू शकत होती.

लीज चार-पाच कंपन्यांच्या हातून फिरत शेवटी एका छोट्या ऑपरेटरकडे (विहीर चालवणाऱ्या कंपनीकडे) आली. दोनपैकी एक विहीर बुजवलेली. दुसरीवर पंपजॅक (तेल उपसणारा, वरखाली डुलणारा पंप) डुलत होता आणि महिन्याला वीस-पंचवीस बॅरल तेल देत होता. भावंडांना अधूनमधून चाळीस-पन्नास डॉलरचे चेक यायचे.

प्रश्न उभा कसा राहिला

आडव्या विहिरींचं तंत्र आल्यावर त्या भागातल्या खोल शेल थरांना, म्हणजे तेल धरून ठेवणाऱ्या घट्ट खडकांना, एकदम भाव आला. एका आठवड्याच्या अंतराने भावंडांना दोन पत्रं आली.

पहिलं एका मोठ्या कंपनीचं. तिला टॉप लीज हवी होती, म्हणजे आधीची लीज संपली असेल किंवा संपेल तेव्हा लागू होणारी नवी लीज. रॉयल्टी एक चतुर्थांश, वर एकरी बोनस (सहीबद्दलची एकरकमी रक्कम). पण बोनसचा मोठा हिस्सा जुनी लीज कायदेशीरपणे मोडल्यावरच मिळणार होता.

दुसरं जुन्या ऑपरेटरचं. दोन पानांचं "मान्यतापत्र", सोबत 500 डॉलरचा चेक. पत्राची भाषा साधी होती: नोंदी अद्ययावत करायच्या आहेत, सही करून पाठवा. आतल्या मजकुरात तीन गोष्टी दडलेल्या होत्या. मूळ लीज पूर्णपणे चालू आहे हे मालकाला मान्य आहे. ती ऑपरेटरच्या हक्कात पुन्हा बहाल केली जात आहे. आणि आजूबाजूच्या जमिनी जोडून मोठं युनिट करायचा अधिकार ऑपरेटरला दिला जात आहे.

भावाने त्याच आठवड्यात सही केली. घरात आजारपण होतं, पैसे हवे होते, आणि ज्या कंपनीचे चेक इतकी वर्षं येत होते तिच्या कागदात काही वावगं असेल असं त्याला वाटलं नाही. त्याबद्दल त्याला दोष द्यायचं माझ्या मनात कधीच आलं नाही. पत्र लिहिणाऱ्याने ते तशाच माणसासाठी लिहिलं होतं.

थोरल्या बहिणीने सही केली नाही, त्याचं कारण अगदी घरगुती होतं. त्यांनी शेताच्या सध्याच्या मालकाला सहज फोन केला, विहीर कशी काय चालली आहे म्हणून. तो म्हणाला, "आता चालतोय पंप. पण मागच्या वर्षी मी कपाशी पेरायला घेतली तेव्हा उभाच होता. त्याची कुरकुर बंद झाली की मला लगेच कळतं." हा कुरकुरीचा उल्लेख त्यांनी वहीत तारखेनिशी लिहून ठेवला. पुढे दाव्यात त्याचा उपयोग झाला.

कायद्याचा मुद्दा

टेक्सासात तेलाची लीज म्हणजे घरभाड्याचा करार नव्हे. ती खनिजांची सशर्त मालकी असते. शर्त संपली की मालकी आपोआप परत येते, त्यासाठी नोटीस किंवा कोर्टाचा हुकूम लागत नाही. म्हणून प्रश्न एवढाच होता: शर्त कधी मोडली का?

मोडण्याचे दोन मार्ग होते. एक, विहीर "फायद्याच्या प्रमाणात" तेल देत नव्हती असं दाखवणं. 1959 च्या क्लिफ्टन विरुद्ध कून्ट्झ निकालाने याची कसोटी घालून दिली आहे. पुरेशा काळाचा हिशेब धरला तर विहिरीचं उत्पन्न चालवण्याच्या खर्चाहून जास्त होतं का? आणि नसेल, तर एखाद्या शहाण्या ऑपरेटरने ती केवळ सट्ट्यासाठी नव्हे, नफ्याच्या आशेने चालू ठेवली असती का? दुसरा मार्ग म्हणजे उत्पादन खरोखरच 60 दिवसांहून जास्त थांबलं आणि त्या अवधीत दुरुस्ती सुरू झाली नाही, हे सिद्ध करणं. 1981 च्या समानो विरुद्ध सन ऑइल प्रकरणात 60 दिवसांचंच कलम होतं, खंड 73 दिवसांचा होता, आणि टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने लीज संपल्याचं ठरवलं.

पहिला मार्ग दिसायला रुंद, पण त्यात चिखल फार. दुसरा अरुंद, पण पायाखाली दगड.

कोणते पर्याय तोलले

दोघी बहिणी वकीलबाईंसमोर बसल्या तेव्हा टेबलावर चार वाटा होत्या.

मान्यतापत्रावर सही करून मोकळं व्हायचं, ही पहिली. ती लगेच बाद झाली. लीज आधीच संपलेली असेल, तर निव्वळ रॉयल्टीचा चेक वटवल्याने ती सहसा जिवंत होत नाही. पण ती चालू असल्याचं मान्य करणारा आणि पुन्हा बहाल करणारा सहीचा कागद तिला जिवंत करू शकतो. भावाच्या हिश्श्यापुरतं हेच घडलेलं होतं.

टॉप लीज देऊन मोठ्या कंपनीला लढू द्यायचं, ही दुसरी वाट मोहाची होती. खर्च त्यांचा, वकील त्यांचे. पण मसुदा वाचला तर दावा लावायचा हक्क कंपनीला होता, बंधन नव्हतं. ती तीन वर्षं गप्प बसली असती, तर दोघींचे हात बांधलेले राहिले असते. वकीलबाईंनी दावा लावायचं बंधन घालून मागितलं, कंपनीने नकार दिला.

तिसरी वाट स्वतः दावा लावायची. यात दोन धोके होते. मालकी हक्काच्या अशा दाव्यात जिंकलं तरी वकिलाची फी समोरच्याकडून साधारणपणे मिळत नाही. दुसरा धोका लोकांच्या ध्यानात येत नाही: लीज संपली असं मालकाने ठणकावून सांगितलं की वाद मिटेपर्यंत ऑपरेटरची खोदकामाची, उत्पादनाची जबाबदारी स्थगित होते. हरलात तर मधली वर्षं त्याच्या पदरात पडतात.

चौथी वाट, न भांडता खोल थर सोडून द्यायची विनंती करायची. ती त्या दिवशी पाच मिनिटांत मागे पडली. याकडे मी शेवटी परत येणार आहे.

ऑपरेटरने जमिनीचा पुरेसा विकास केला नाही, असा दावा लावायचाही विचार झाला. पण त्यात, शहाण्या ऑपरेटरने आणखी विहिरी खणून नफा मिळवला असता, हे मालकाला सिद्ध करावं लागतं. तेवढे भूगर्भतज्ज्ञ परवडणारे नव्हते.

वाट पाहणं हाही पर्याय नव्हता. लीज संपल्यावरही कंपनी उघडपणे तेल काढत राहिली, मालक गप्प राहिले, तर प्रतिकूल ताब्याने कंपनीला लीजसारखाच हक्क मिळू शकतो, हे 2003 च्या नॅचरल गॅस पाइपलाइन विरुद्ध पूल निकालाने स्पष्ट केलं आहे. म्हणून दोघींनी दावा लावायचं ठरवलं. त्या दिवसापासून आलेले चेक न वटवता वकिलांकडे ठेवले, आणि लीज संपल्याचं पत्र ऑपरेटरला रीतसर पाठवलं.

प्रत्यक्षात काय केलं

सुरुवात रेलरोड कमिशनच्या नोंदींपासून झाली. नावात रेल्वे आहे. 1891 साली ते स्थापन झालं रेल्वेसाठीच. पण आज त्याचा रेल्वेशी संबंध उरलेला नाही, आणि टेक्सासच्या तेल-वायूवर देखरेख तेच करतं. प्रत्येक लीजचं महिन्याचं उत्पादन तिथे कोणालाही पाहता येतं. आमच्या लीजच्या ओळीत मार्चला 7 बॅरल, एप्रिलला शून्य, मेला 3 असे आकडे दिसले. कोरा महिना एकच. ऑपरेटरचं उत्तर तयार होतं: एप्रिलचे तीस दिवस, 60 च्या आतच.

इथे मला त्या शेतकऱ्याचं वाक्य आठवत राहिलं. मे महिन्यात कपाशी पेरताना पंप उभा होता. महिन्याचा आकडा हा महिन्याच्या कोणत्या दिवशी तेल निघालं ते सांगत नाही. मार्चचे 7 बॅरल पहिल्या आठवड्यातले असतील आणि मेचे 3 शेवटच्या दोन-तीन दिवसांतले असतील, तर खंड तीस दिवसांचा राहत नाही.

दावा दाखल झाल्यावर समोरच्याकडून कागद मागवायचा हक्क मिळाला. पंपरची वही आली. पंपर म्हणजे रोज विहिरींची फेरी मारून टाकीतलं तेल मोजणारा माणूस. वहीच्या कोपऱ्यांना तेलाचे डाग, पेन्सिलीने लिहिलेले फूट आणि इंच. मार्चच्या 8 तारखेनंतर आमच्या विहिरीसमोर आकड्याऐवजी आडव्या रेघा होत्या. पण मधली काही पानं गायब होती, आणि पंपरला नक्की आठवत नव्हतं. त्याच्याकडे चाळीसहून जास्त विहिरी होत्या.

पंप विजेच्या मोटरवर चालत होता. वीज सहकारी संस्थेकडून मीटरचं रोजचं वाचन मागवलं. ती यादी आली त्या दिवशी आम्ही तिघं एका कागदावर वाकून बसलो होतो. 8 मार्चपर्यंत रोजचे युनिट जवळपास सारखे. 9 मार्चपासून शून्याच्या आसपास. 28 मेपर्यंत तसंच. 29 मेला पुन्हा आकडे. बोटांनी दिवस मोजले, मग कॅलेंडरवर मोजले: 81.

ऑपरेटरने दुरुस्तीचं बिल पुढे केलं. विहिरीतल्या सळ्या उपसणारा ट्रक मागवल्याची नोंद 55 व्या दिवसाची होती. ट्रक प्रत्यक्ष विहिरीवर आला 66 व्या दिवशी. आता प्रश्न असा की "दुरुस्ती सुरू केली" म्हणजे काय? फोन करून ट्रक सांगितला तेव्हा, की सळईला हात लागला तेव्हा? आमच्या मते प्रत्यक्ष काम हवं. पण सद्भावनेने केलेली पूर्वतयारीही पुरेशी आहे असं ज्युरीला वाटू शकलं असतं, आणि हे नाकारून चालत नव्हतं.

फायद्याच्या प्रमाणाचा मुद्दाही सोडला नव्हता. त्यात 2017 चा बीपी अमेरिका विरुद्ध लॅडेक्स निकाल लक्षात ठेवावा लागला. तिथे ज्युरीला ठराविक 15 महिन्यांपुरताच प्रश्न विचारला गेला होता, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो चुकीचा ठरवून खटला परत पाठवला. म्हणून आपल्या सोयीचे वाईट महिने निवडायचा मोह टाळून हिशेबनिसाने 36 महिने घेतले. ऑपरेटरच्या सात अष्टमांश वाट्यातून 4.6 टक्के उत्पादन कर, वीज, रसायनं, खारं पाणी वाहून न्यायचा खर्च, दुरुस्ती हे वजा केलं. उरला पंपरचा पगार. त्यातला किती भाग या विहिरीवर टाकायचा? एका रीतीने थोडा तोटा दिसत होता, दुसऱ्या रीतीने थोडा नफा. आमच्याच हिशेबनिसाने ते प्रामाणिकपणे सांगितलं. त्यानंतर वकीलबाईंनी या मुद्द्यावर जोर देणं थांबवलं, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो. दोन्ही मुद्दे सारख्याच आवाजात मांडले असते, तर मीटरची ती स्वच्छ यादी पगाराच्या वाटणीच्या वादात बुडाली असती.

शेवट काय झाला

खटला उभा राहण्याआधी मध्यस्थी झाली, सकाळी नऊ ते रात्री आठ. दोन्ही बाजूंना 55 आणि 66 या दोन आकड्यांची भीती होती. ऑपरेटर हरला असता तर सगळं गेलं असतं. बहिणी हरल्या असत्या तर आणखी कित्येक वर्षं एक अष्टमांशावर अडकल्या असत्या.

तडजोड अशी ठरली: बहिणींच्या दोन तृतीयांश हिश्श्यात ऑपरेटरने जुनी विहीर, तिच्याभोवतीचे 40 एकर आणि जुन्या थरापर्यंतची खोली ठेवायची, बाकी सगळं सोडायचं. भावाच्या हिश्श्याबद्दल तो एक इंचही हलला नाही. सहीचा कागद त्याच्या बाजूने होता.

दोघींनी सुटलेल्या थरांची नवी लीज त्याच मोठ्या कंपनीला दिली. रॉयल्टी एक चतुर्थांश, मुदत तीन वर्षं, पघ कलम आणि खोलीचं कलम दोन्ही घालून. भावाच्या हिश्श्याखालचे खोल थर ऑपरेटरने मोबदला घेऊन त्याच कंपनीकडे वर्ग केले. 640 एकरांचं युनिट झालं, आडवी विहीर खणली गेली, आणि तिन्ही घरी डिव्हिजन ऑर्डर (विहिरीच्या उत्पन्नात कोणाचा किती वाटा ते सांगणारे कागद) आल्या. बहिणींच्या कागदावर वाटा होता 0.04166667. भावाच्या कागदावर 0.02083333. विहीर तीच, वारसा तोच. थोरल्या बहिणीने हे दोन कागद माझ्यासमोर टेबलावर शेजारी ठेवले आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात आधी तो चौथा पर्याय. ऑपरेटरला मुळात खोल थर परवडणारेच नव्हते. त्याचा जीव छोट्या विहिरीत आणि हिश्शाची विक्री करण्यात होता. दावा लावण्याआधी, लीज संपली असा शब्दही न वापरता, खोल थर सोडण्याबद्दल एक बैठक मागितली असती, तर कदाचित नकार आला असता. पण विचारायला एका पत्राचा खर्च होता. आम्ही तो पर्याय घाईत सोडला, कारण मान्यतापत्राचा राग ताजा होता. त्यात माझाही वाटा आहे. दोघींना कागद समजावताना मी त्या पत्राबद्दल जरा जास्तच तापून बोललो होतो.

दुसरं, मीटरच्या नोंदी. वीज संस्था रोजचं वाचन ठराविक काळच जपून ठेवते. आम्ही मागणी केली तेव्हा तो काळ संपत आला होता. नोंदी नष्ट करू नयेत, असं पत्र ऑपरेटरला आणि वीज संस्थेला पहिल्याच आठवड्यात जायला हवं होतं. पंपरच्या वहीतली पानं आधीच गेलेली होती. मीटरची यादीही गेली असती, तर 81 दिवसांची गोष्ट एका शेतकऱ्याच्या आठवणीवर उभी राहिली असती.

तिसरं, भावाला वाचवता आलं असतं का? सही काउंटीत नोंदवली जाण्याआधी दोन आठवडे मिळाले होते. त्या काळात त्याने वकिलाकडे जाऊन फसवणुकीचा किंवा अपुऱ्या मोबदल्याचा मुद्दा काढला असता, तर निदान वाटाघाटीत काही हाती लागलं असतं. पण भावंडांना एकमेकांच्या पत्रांची खबरच महिनाभराने लागली. अविभक्त वाट्यात प्रत्येकाला स्वतंत्र पत्र येतं, आणि प्रत्येकजण एकटा असतानाच सही करतो.

आता तिघांनी एक रीत पाडली आहे. कोणत्याही कंपनीचं पत्र आलं की त्याचा फोटो तिघांच्या ग्रुपवर जातो, आणि रेलरोड कमिशनच्या नोंदी धाकटी बहीण दर सहा महिन्यांनी उतरवून ठेवते. मागच्या महिन्यात युनिटची हद्द बदलायला संमती मागणारं पत्र आलं. फोटो सर्वांत आधी भावाने टाकला. त्यावर अजून कोणीही सही केलेली नाही.